फोटोंची मागची बाजू

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय मुली,

तुझे फोटो पोचले. २,३११ आहेत, मोजले. तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागलीस तेव्हा मी थांबवलं आणि पेनड्राइव्हच आणून दे म्हटलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकाराने लहान होतोच, शिवाय कॅमेऱ्याने त्याच्या पोटात लिहून ठेवलेली तारीख, वेळ, जागा हे सगळं वाटेत गळून पडतं. मला ते हवं होतं, कारण तुझ्याकडून एका ओळीचीही नोंद आली नव्हती.

तीन संध्याकाळी बसून सगळे पाहिले. तू दोन प्रश्न विचारले होतेस. यातले कोणते वीस छापून भिंतीवर लावू, हा एक आणि पुढच्या पगारात कोणती लेन्स घेऊ, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देते, नको. पहिल्याचं उत्तर लिहायला बसले आणि त्याचं हे एवढं पत्र झालं.

आधी जे चांगलं आहे ते. कुठे उभं राहायचं हे तुला कळतं. गौरीकुंडाहून वर केदारनाथला जाताना तू मंदाकिनी नदी चौकटीच्या एका कडेला आणि वाट दुसऱ्या कडेला धरून ठेवलीस, त्यामुळे प्रत्येक फोटोत चढ जाणवतो. १६ किलोमीटर चालून पाय भरून आले असताना हे भान ठेवणं सोपं नाही. भीमशिलेचा फोटो तू मागून काढलास. शिळा पुढे आणि देऊळ तिच्या आड. जून २०१३ च्या पुरात वरून आलेला तो धोंडा नेमका देवळामागे अडला आणि लोंढा दोन्ही अंगांनी फुटून गेला, हे त्या एका फोटोत कोणी न सांगता समजतं. वीसांतला पहिला हा.

बर्फ मात्र सगळीकडे मळका आलाय. त्याचं कारण समजून घे, म्हणजे आयुष्यभर पुरेल. समोर काय आहे ते साध्या कॅमेऱ्याला कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं असणार, असं तो धरून चालतो. त्यामुळे पांढऱ्याला तो मळवतो आणि काळ्याला धुवून फिकं करतो. बर्फ असेल तर उजेड आपण हाताने वाढवायचा, आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या देवळांपुढे तो कमी करायचा. मोबाइलमध्येसुद्धा पडद्यावर बोट टेकवून वरखाली सरकवलं की जमतं.

आता फोटो क्रमांक १,१४६.

वाटेकडेच्या कठड्यावर एक आजी बसल्या आहेत. नऊवारी नेसलेल्या, म्हणजे आपल्याकडच्या. चपला काढून शेजारी ठेवल्यात, एका पावलाला फडकं बांधलंय. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर गावाचं नाव छापलेलं, पण पिशवीला घडी पडल्याने त्यातलं फक्त ‘पूर’ एवढंच दिसतं. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, तुझ्याकडे बघताहेत. तू कॅमेरा जरा खाली धरला असणार. साऱ्या २,३११ फोटोंत हा एक मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. मग तुला फोन केला, आठवतंय ना? विचारलं, या कोण गं? तू म्हणालीस, “नाव नाही आठवत बाई, पण आम्ही बसलो होतो तिथे बराच वेळ. खूप छान बोलल्या.”

काय बोलल्या?

तुला सांगता आलं नाही. परत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

तुला रागवायचा अधिकार मला नाही, कारण हीच चूक मी तुझ्या चाळीस वर्षं आधी केली आहे. १९८३ च्या श्रावणात मी आणि माझी एक मैत्रीण एसटीने कोकणात उतरलो. उसना कॅमेरा, ३६ फोटोंचे तीन रोल, कृष्णधवल. गावागावांतून हिंडलो, देवळांतून झोपलो. त्यातला एक फोटो अजून माझ्या कपाटात आहे. पाऊस नुकताच थांबलाय, ओल्या अंगणात दीपमाळ, तिच्या पायथ्याशी एक मुलगा पाठमोरा बसून काहीतरी खातोय. इतका चांगला फोटो मला पुन्हा जमला नाही. पण ते देऊळ कुठलं, गाव कुठलं, देव कुठला, काही माहीत नाही. तेव्हा वाटलं होतं, हे कसं विसरेन? मैत्रीण गेली, आता विचारायलाही कोणी नाही. कोकणातलं कोणी भेटलं की मी तो फोटो दाखवते. प्रत्येक जण म्हणतो, आमच्याकडचंच वाटतंय.

माझी आई १९७१ मध्ये यात्रा कंपनीबरोबर काशीला गेली होती. सातवीपर्यंत शिकलेली. तिच्याजवळ कॅमेरा नव्हता, घाटावरच्या फोटोवाल्याने काढलेला एकच फोटो तिने आणला, त्यात सगळ्या बायका डोळे मिटून उभ्या आहेत. पण तिने चाळीस पानी वही नेली होती. हिशेब लिहायला नेली आणि त्या हिशेबातच सगळं उतरलं. एक पान तुला जसंच्या तसं देते.

“दशाश्वमेध. पहाट. शाल खोलीवर विसरले. नाव १२ आणे, ठरले होते १०. नाववाला म्हणाला इथे गंगा उत्तरेला वाहते, घराकडे वळून बघते. त्याची मुलगी नुकती सासरी गेलीय. फुले व दिवा ४ आणे. दिवा लगेच विझला, पुन्हा घेतला नाही.”

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. काशी मी नंतर दोनदा पाहिली, चांगल्या कॅमेऱ्याने पाहिली. पण तो विझलेला दिवा आणि ‘पुन्हा घेतला नाही’ हे तीन शब्द माझ्या एकाही फोटोत नाहीत.

वडिलांची सवय वेगळी होती. घरात आलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे ते शाईपेनाने लिहीत. तारीख, गाव, डावीकडून कोण कोण आणि कधी कधी एखादी ओळ. आम्ही भावंडं आता जमलो की अल्बम उघडतो आणि फोटो उलटे करून बघतो. तुमच्या पिढीच्या फोटोला मागची बाजूच उरली नाही. म्हणून ती तुला मुद्दाम करावी लागेल, एवढंच मला तुला सांगायचं आहे. लेन्स नको, वही घे.

तू म्हणशील, बाईंना जुन्या गोष्टी आवडतात. मग तुला जुन्यातल्या जुन्या ठिकाणी घेऊन जाते. कल्याणहून एसटीने मुरबाडमार्गे वैशाखरेला उतरायचं आणि तिथून नाणेघाट चढायचा. शाळेत असताना मी मुलांना दोनदा घेऊन गेले आहे. पावसात लोक उलट्या उडणाऱ्या धबधब्यासाठी गर्दी करतात. तू हिवाळ्यात जा. माथ्याशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे आणि घाटाच्या तोंडाशी सातवाहनांनी खोदवलेली लेणी. आतल्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख. त्यात राणी नागनिकेने केलेल्या यज्ञांची आणि दानांची नोंद आहे. किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. आकडे सगळे कोरलेले, आणि आपल्याकडच्या अंकांच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत ते मोजले जातात. पहिल्यांदा हे कोणीतरी मला वाचून दाखवलं तेव्हा मला आईची वही आठवली. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेबच तो.

पण मला तुला दाखवायची आहे ती समोरची भिंत. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. त्या सगळ्या गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. मूर्तींच्या वर मात्र प्रत्येकाचं नाव कोरलेलं होतं आणि ती नावं अजून वाचता येतात. एवढं दगडात घडवलेलं रूप टिकलं नाही, आणि वरची अर्ध्या ओळीची नोंद टिकली. तिथे कोण उभं होतं हे आपण सांगू शकतो, कारण कोणा कारागिराला नाव लिहायला सांगितलं गेलं होतं. माझ्या दीपमाळेच्या फोटोचं नेमकं उलटं झालं.

तिकडे कान्हेरीलाही, येऊरच्या डोंगरापलीकडे, हेच. पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, खोदायला कोणी पैसे दिले, ते माणूस कुठल्या गावचं, काय करणारं, हे भिंतींवर लिहिलंय. त्यांत आपले कल्याणचे व्यापारी आहेत. जागा सुंदर आहे असं त्यांतल्या कोणी लिहिलं नाही.

तुझ्याच नेटवरच्या दोनचार फोटोंखाली मी वाचलं, ‘निसर्गाचा अद्भुत आविष्कार’, ‘शब्दच अपुरे’, ‘नयनरम्य’. हे शब्द वर्षभर वापरू नकोस. ते खोटे आहेत असं नाही, तुला खरंच तसं वाटलं असेल. पण ते महाबळेश्वरलाही चालतात आणि मनालीलाही, म्हणजे तू कुठे होतीस ते त्यांतून कळत नाही. ‘शब्दच अपुरे’ म्हटलं की शोधणं थांबतं. त्याऐवजी त्या क्षणी हाताला काय लागत होतं ते लिही. फरशी गार होती का. कशाचा वास होता. घंटेचा आवाज कापरा होता की जड. चहा केवढ्याला मिळाला आणि वर गेल्यावर केवढ्याला. कोण काय बोललं, त्याच्याच शब्दांत. आणि त्याच दिवशी लिही, जेवायला बसायच्या आधी. दुसऱ्या दिवशी तू शहाणी झालेली असतेस आणि सगळं नीटनेटकं आठवायला लागतं.

सराव कुठे करायचा? हिमालयात नाही. तू ऐरोलीत राहतेस, महापेला नोकरी करतेस आणि देवदर्शनाला, डोंगराला, पक्ष्यांना विमानाने जातेस. जा, जरूर जा, तुझी वर्षं आहेत जायची. पण जिथे एकदाच जाता येतं तिथे माणूस घाबरून २,३११ फोटो काढतो. जिथे दहादा जाता येतं तिथेच बघायला शिकतो.

मी तुला एक देऊळ देते, अंबरनाथचं. ठाण्याहून गाडीने पाऊणएक तास, पूर्वेला उतरून रिक्षा. वर्षात किमान सहा वेळा जा. त्याच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

देऊळ शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांच्या मम्वाणी राजाच्या काळातलं. हे साल तिथल्याच शिलालेखातून कळतं. आणि त्याची एक गोष्ट आहे. हा लेख पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा शके ७८२ असा वाचला गेला. एक अंक चुकला आणि देऊळ दोनशे वर्षांनी म्हातारं झालं. पुढे दुसऱ्यांनी पुन्हा नीट पाहून तो अंक ९ आहे हे दाखवलं. पहिल्यांदा वाचणारे अडाणी नव्हते, मोठे अभ्यासू होते. दगड झिजलेला, अक्षरं जुन्या वळणाची. पुन्हा जाऊन पाहणं म्हणजे काय हे मी शाळेत मुलांना या गोष्टीवरून सांगायचे.

आता उजेड. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. बहुतेक लोक दर्शनाला सकाळी जातात, तेव्हा पुढची सगळी बाजू सावलीत असते आणि मागून सूर्य डोळ्यांत येतो. फोटोत काळा ठोकळा येतो. मग म्हणतात, प्रत्यक्षात फार छान आहे. तू दुपारी चारला पोच. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दाराकडे तोंड करून उभी राहिलीस की ऊन तुझ्या उजव्या खांद्यावरून तिरपं जाईल. तिरप्या उन्हाशिवाय काळ्या दगडातली मूर्ती उठून दिसत नाही. समोरून पडलेलं ऊन तिला सपाट करतं. दक्षिणेची भिंत हिवाळाभर उन्हात असते, उत्तरेच्या भिंतीला मात्र या दिवसांत सूर्य शिवत नाही. तिच्यासाठी तुला उन्हाळ्यात यावं लागेल, अगदी सकाळी किंवा अगदी संध्याकाळी. मेच्या मध्यावर एक दिवस आपल्याकडे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवशी जाऊन त्या भिंती बघ, कोरीवकाम वरून खाली ओघळल्यासारखं दिसतं. आणि पावसात. ओला दगड आरशासारखा होतो, आभाळ त्यात उतरतं. तेव्हा मूर्तींचा नाद सोडून दे आणि नुसता दगड बघ.

आत गेलीस की मंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभारा आहे. वरचं शिखर पुरं नाही, त्यामुळे उजेड वरून खाली, विहिरीत पडावा तसा पडतो. तिथे कॅमेरा बॅगेत ठेव. पहिल्या दोन खेपांना तरी खाली उतरून फक्त बस. किती पायऱ्या मोजल्यास ते लिही, शेवटच्या पायरीला गारवा कुठपर्यंत आला ते लिही.

बाहेर वालधुनी वाहते. तिच्या पाण्याचा रंग आणि वास तुला कळेलच. सगळे फोटो काढणारे नदी येणार नाही अशा बेताने उभे राहतात, मीही राहायचे. आता मला ते बरोबर वाटत नाही. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती जागा निवडली त्यांनी नदी बघून निवडली असणार. नदीची आज जी दशा आहे ती त्या देवळाच्या गोष्टीतलीच आहे. एक तरी फोटो असा काढ की देऊळ आणि नदी दोन्ही त्यात येतील, आणि मागे तारीख घाल. पन्नास वर्षांनी कोणाला तरी तो लागेल. नदी तेव्हा सुधारलेली असो, असं मला मनापासून वाटतं.

महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. पहिल्या वर्षी जत्रेला जाऊ नकोस. देवळाची ओळख झाल्यावर जा, म्हणजे गर्दीतही तुला देऊळ सापडेल.

दुसरी जागा तुझ्या घराखालीच आहे. खाडी. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसरचा दर्जा मिळाला, आणि तू तिथे एकदाही गेली नाहीस हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. रोहित पक्षी आता यायला लागतील, पावसाच्या तोंडापर्यंत राहतील. पण वेळ घड्याळावर ठरवू नकोस, भरती-ओहोटीवर ठरव. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी मला ठोकताळा शिकवला होता: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत येईपर्यंत आणखी थोडा उशीर. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी, तेव्हा चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पसरून चरतात. भरती आली की ते उठतात आणि नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळीत जाऊन बसतात. कॅलेंडरवरची तिथी बघून तू आदल्या रात्रीच सांगू शकशील की उद्या ते कुठे असतील. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार चढतं आणि फार उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ते मवाळ असतं. हे सगळं वहीत लिहीत गेलीस की चार महिन्यांत तुझी स्वतःची खाडी तयार होईल. आणि हो, विजेच्या तारा आणि मनोरे फोटोतून वगळू नकोस. ते पक्षी त्या तारांखालीच उतरतात.

खारघरच्या पांडवकडा धबधब्याचं तू विचारलं होतंस. पावसाळ्यात तिथे बंदी घालतात ती माणसं गेली म्हणून घालतात. जायचं नाही. पुढचं काही बोलायचं नाही.

एक गोष्ट लिहायची टाळत होते, ती लिहिते.

वज्रेश्वरीचं देऊळ तू पाहिलं असशील. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर देऊळ बांधून तो फेडला, असं सांगतात. किल्ल्यासारखा तट आहे आणि चढायला पायऱ्या. मी तिशीत असताना एका मंगळवारी तिथे गेले होते. एक बाई देवीपुढे पदर पसरून उभी होती आणि रडत होती, आवाज न करता. बाजूच्या दिव्याचा उजेड तिच्या गालावर होता. मी फोटो काढला. शटरचा आवाज झाला तशी तिने वळून पाहिलं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “माझं काय काढलंस गं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी खाली मान घालून पायऱ्या उतरले. त्या रोलची निगेटिव्ह माझ्याकडे आहे, तो फोटो मी कधी छापला नाही. तिचा प्रश्न मात्र मी त्या रात्री लिहून ठेवला, आणि त्यानंतर देवळात कोणाकडेही कॅमेरा धरताना तो मला आधी ऐकू येतो.

म्हणून तुला सांगते, देवापुढे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काढू नकोस. पाटी असो नसो. हात काढ, चपलांची रांग काढ, नारळ फोडायचा दगड काढ. माणूस देवापासून बाजूला आला, घाम पुसून कट्ट्यावर बसला, की जाऊन शेजारी बस आणि बोल. मग विचार. हो म्हणाला तर काढ आणि फोटो पोचवायचं कबूल केलंस तर पोचव. टिटवाळ्याला एका फुलवालीला मी आठ महिन्यांनी तिचा फोटो नेऊन दिला होता. तिने तो ओल्या हाताने घेतला नाही. आधी हात पुसले, मग शेजारणीला बोलावलं, मग घेतला. मग मला म्हणाली, मागे माझं नाव लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे. मी लिहिलं. त्या दिवशी महागणपतीचं दर्शन घ्यायचं राहून गेलं, आणि चुकल्यासारखं वाटलं नाही.

तुझ्या त्या फोटोतल्या आजींच्या बाबतीत तू हे सगळं आपसूक बरोबर केलं होतंस. बसलीस, बोललीस, कॅमेरा खाली धरलास. म्हणूनच मला चुटपुट लागली आहे.

शनिवारी येतेस का? ठाण्याहून तीनच्या सुमाराची गाडी धरू, मी पुढच्या लेडीज डब्यात असेन. अंधार पडेपर्यंत देवळाशी थांबू. गुडघ्यामुळे गाभाऱ्याच्या पायऱ्या मी उतरणार नाही, वर मंडपात बसेन, तू खाली जाऊन ये आणि काय दिसलं ते मला सांग.

येताना वही आण, कोरी आणू नकोस. पहिल्या पानावर क्रमांक १,१४६ घाल आणि आज रात्रीच बस. आठवेल ते लिही, क्रम लावू नकोस. त्या तुला माय म्हणाल्या की बाई? पायाला फडकं कशामुळे होतं? एकट्याच होत्या की कोणी पुढे गेलं होतं? त्यांनी तुला काही खायला दिलं का? त्या वयाच्या बायका दिल्याशिवाय राहत नाहीत. दिलं असेल तर ते कशात बांधलेलं होतं? बोलता बोलता एखादं गाव, एखादा मुलगा, एखादी सून नक्की आली असेल. १,१४५ आणि १,१४७ क्रमांकाचे फोटो मोठे करून बघ, मी पाहिले पण माझ्या डोळ्यांना आता पुरत नाही. एकात पिशवीची घडी थोडी उलगडल्यासारखी वाटते. ‘पूर’च्या आधी एक काना दिसतो का बघ.

तुझी,
बाई